भेटघराचं दुसरं दार

८ जानेवारी, सोमवार

पुन्हा वही सुरू करतो आहे. पेपरात पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण कापलं. निवृत्त झाल्यावर कापायला काही उरलं नव्हतं, ते आता मिळालं आहे. आमच्या शहरात लोकांनी वर्गणी काढून एक नागरिक निधी उभारला आहे आणि तो दरवर्षी इथल्या लहान संस्थांना अनुदान देतो. यंदाचा विषय ‘कुटुंब आणि मुलं’. अर्ज अठ्ठेचाळीस, गुण देणारे तिघे: एक दातांचे डॉक्टर, एक बिल्डर आणि मी. निधीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, “तुमच्यासारखा चिकित्सक माणूस हवाच होता.” चिकित्सक म्हणजे खडूस, एवढं मला कळतं. तरी हो म्हटलं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. घरात तुम्हाला कापायला कोणी राहिलं नव्हतं.”

‘काही’ म्हणायचं असेल तिला.

लाल-निळ्या पेन्सिलींचा शेवटचा डबा काढला. एक टोक लाल, एक निळं. लाल काढून टाकण्यासाठी, निळं ठेवण्यासाठी. आता या पेन्सिली दुकानात मिळत नाहीत. निळी टोकं सगळ्यांची जशीच्या तशी आहेत.

१० जानेवारी

वीस अर्ज वाचले. त्यांतल्या बारा संस्था ‘मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ आहेत. एक बालगायनवाले आहेत. त्यांच्या अर्जात फोटो नऊ, नऊंमध्ये अध्यक्षीणबाई, तीनमध्ये मुलंही. ‘आनंदी पालकत्व’ शिकवणाऱ्या एका संस्थेला निम्मं अनुदान फलकांसाठी हवं आहे. रडणाऱ्या मुलाचा एक फोटो आहे, गालावरचा अश्रू मोठा करून दाखवलेला. हाच फोटो दुसऱ्या एका संस्थेच्या अर्जातही निघाला. मूल तेच, अश्रू तोच, दुःखाचं कारण मात्र वेगळं.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “अहो, फोटो चांगला आहे हो.”

१३ जानेवारी, शनिवार

अर्ज क्रमांक एकतीस. संस्थेचं नाव ‘भेटघर’. नवराबायको वेगळे झाले आणि कोर्टानं सांगितलं की मुलाला कोणाच्या तरी नजरेखाली भेटा, तर ती भेट इथे होते. चालवणारी बाई पूर्वी इस्पितळात नर्स होती. अर्जात फोटो नाही. ‘आपल्या यशाची एक गोष्ट सांगा’ या रकान्यात लिहिलं आहे: “गोष्टी मुलांच्या आहेत. आम्हाला सांगता येणार नाहीत.” काय हा ताठा! ‘लाभार्थींमध्ये झालेली वाढ’ याच्यापुढे: मागच्या वर्षी एकेचाळीस कुटुंबं, यंदा एकोणतीस. कारण, “बारा कुटुंबांना आता आमची गरज राहिली नाही.” गिऱ्हाईक यायचं थांबलं म्हणून मिरवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि मागणी काय, तर दुसऱ्या दारासाठी एका माणसाचा पगार. एक पालक मुलाला पुढच्या दारानं सोडून जातो, मग पंधरा मिनिटं कोणी हलायचं नाही, मग दुसरा पालक मागच्या दारानं येतो. त्या पंधरा मिनिटांसाठी माणूस.

मी शेरा लिहिला: “दोन दारं ही चैन आहे. एकाच दारानं माणसं येतात आणि जातात, असा जगाचा अनुभव आहे.” पन्नासपैकी अठरा गुण. वाक्य जमलं आहे.

बायकोला वाचून दाखवलं. ती पिशवी भरत होती. शनिवारी तिचा शिवणाचा क्लास असतो.

“दोन दारं का लागतात, माहीत आहे तुम्हाला?” तिनं विचारलं.

“का?”

“काही नाही. मी आपलं विचारलं.”

पिशवीत पिवळ्या लोकरीचा एक लहानसा स्वेटर होता. कोणासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाली शेजारणीच्या नातीसाठी. शेजारणीला नात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

१७ जानेवारी

त्या एकतीस नंबरमुळे उगाच आठवलं. सून घर सोडून गेली त्याला चौदा महिने झाले. नातीलाही घेऊन गेली. छोटी तेव्हा पाच वर्षांची होती, माझ्या मांडीवर बसून माझ्या पेन्सिलींचे तुकडे पळवायची. आमच्या मुलाचा स्वभाव थोडा तापट आहे, ताटवाटी आपटते कधी. कोणत्या घरात आपटत नाही?

सुनेनं जाताना चार पानी पत्र ठेवलं होतं. वर ‘सर्वांस’ असं लिहिलेलं, म्हणजे मलाही. मजकूर पसरट. तेच ते तीन-तीनदा. सवयीनं मी लाल टोक घेऊन बसलो आणि चार पानांचं अर्धं पान केलं. अर्थ कुठेही बिघडला नव्हता. उलट नेमका झाला होता. ते टेबलावर ठेवलं, तर मुलानं दोन्ही कागद उचलले आणि तो आपल्या खोलीत गेला. चांगल्या संपादनाची कदर घरात कधीच नव्हती.

पुढे कोर्टानं नातीला भेटायला कुठलंसं केंद्र सांगितलं. मी तेव्हाच सगळ्यांदेखत म्हणालो होतो की, माझ्या नातीला पहाऱ्यात भेटायला मी काही चोर नाही. मी येणार नाही. नाहीच गेलो. मुलगाही पुढे कधी त्याबद्दल बोलला नाही, म्हणजे त्यानंही सोडून दिलं असणार.

२४ जानेवारी

बैठक. माझ्या दोन दारांच्या वाक्याला हशा मिळाला. बिल्डर म्हणाला, “दारांचं मला सांगा, आयुष्य त्यातच गेलं.” डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे मुलं रडत येतात आणि रडतच जातात, पण दार एकच.” अध्यक्षांनी वाक्य इतिवृत्तात घ्यायला सांगितलं.

बालगायनवाल्या अध्यक्षीणबाई या बिल्डरच्या मेव्हणी निघाल्या. हे त्यानं अर्ज मंजूर झाल्यावर, बिस्किट खाता खाता सांगितलं. मी तिथल्या तिथे नियम लिहून काढला: ज्या संस्थेचा परीक्षकाच्या नातेवाइकाला लाभ होतो, त्या संस्थेबाबत परीक्षकानं लेखी कबुली द्यायची आणि बाजूला व्हायचं. त्याचे गुण आणि शेरा रद्द. नातेवाईक कोण, याची यादीही दिली. थेट नातवंडांपर्यंत. कोणाला फट ठेवली नाही.

बिल्डर म्हणाला, “एवढं कडक कशाला? तुमचं-आमचं कोण असतं हो अशा ठिकाणी?”

भेटघराचे गुण काठावर आले आहेत. डॉक्टरांनी जास्त दिले, नर्स म्हटल्यावर त्यांचं मन विरघळतं. कोणीतरी जागा बघून यायचं ठरलं. मी जाणार.

३ फेब्रुवारी, शनिवार

त्यांनी मला गुरुवार दिला होता. मी मुद्दाम आज, न सांगता गेलो. सांगून गेलं की लोक झाडून-पुसून ठेवतात.

दार नर्सबाईनं स्वतः उघडलं. बुटकी, केस बारीक कापलेले, हातात किल्ल्या.

“आज नाही येता येणार.”

“मी निधीकडून आलोय.”

“असाल. भेटीच्या वेळी बाहेरचं कोणी आत येत नाही.”

“अनुदान हवंय ना तुम्हाला?”

“हवंय. गुरुवारी या.”

मी कार्ड दिलं. तिनं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग दार लावून घेतलं. मागणाऱ्यांचा हा रुबाब!

समोरच्या बस थांब्यावर जाऊन बसलो. लांबचा चष्मा घरी राहिला होता, पण काम दिसत होतं. निळी ओढणी घेतलेली कोणी बाई एका मुलीला घेऊन आली. मुलीला आत पोचवून दाराशी क्षणभर थांबली आणि भराभर निघून गेली. मुलीच्या अंगात पिवळा स्वेटर. यंदा पिवळ्याची टूम दिसते. मग मी घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं रस्त्यावर कोणी आलं नाही, गेलं नाही. अनुदान मागतात ते याच रिकाम्या वेळासाठी. तेवढ्यात बस आली. पुरावा पुरेसा होता.

संध्याकाळी बायको आणि मुलगा एकदमच परतले. कोपऱ्यावर भेट झाली म्हणे. दोघांच्याही नखांत हिरवी माती. शिवणाच्या क्लासात माती कुठून, असं विचारलं तर बायको म्हणाली, “नवीन बाई आल्यात. त्या सगळं शिकवतात.”

८ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं नीट लिहायला हवं. क्रमानं लिहितो.

भेटघर म्हणजे दोन खोल्या. पुढचं दार रस्त्यावर, मागचं गल्लीत. बुटकं टेबल, खेळायची हिरवी माती, एक बाक. नर्सबाईनं चहा विचारला नाही, ते बरं केलं.

“दोन दारं कशाला?” मी विचारलं.

“पूर्वी एकच होतं. दाराशी दोघांची गाठ पडायची. दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत माणसं आठवड्याभराचं बोलून घ्यायची आणि मूल मधे उभं. एक पोरगी आत आली ती दोन्ही कानांत बोटं घालून. तासभर काढली नाहीत. वडील समोर बसून होते. त्यांना तिच्याशी बोलताच आलं नाही. मग आम्ही मागची भिंत फोडली.”

“आणि पंधरा मिनिटं?”

“मुलाला बोटं काढायला वेळ लागतो.”

मी हे टिपून घेतलं. बोलणं मुद्देसूद होतं, अर्जात का लिहिलं नाही, असं विचारणार होतो. मग फळीकडे लक्ष गेलं. प्रत्येक मुलाचा एक डबा. नावं लिहीत नाहीत. मुलानं स्वतःची खूण काढायची. मासा. पतंग. कपबशी. आणि एका डब्यावर पेन्सिल, एक टोक लाल, एक टोक निळं.

झाकण नव्हतं. आत पिवळा स्वेटर घडी घालून ठेवलेला आणि त्यावर चावलेला एक तुकडा. माझ्याच डब्यातला.

“हा डबा कोणाचा?”

“ते सांगत नाही आम्ही.”

“मला सांगायला हरकत नाही. मी तिचा—”

“तुम्ही परीक्षक म्हणून आलात,” ती म्हणाली. “आज तेवढंच.”

म्हणजे शनिवारी कार्ड हातात घेतलं तेव्हाच हिला कळलं होतं. एक शब्द बोलली असती तर मी अठराचे अठ्ठेचाळीस केले असते. बोलली नाही.

घरी आलो. दोघं समोर होते.

“किती दिवस?” मी विचारलं.

बायकोनं चष्मा काढला. “अकरा महिने.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही कापून टाकलं असतं.”

“म्हणजे काय? मी काय—”

“बाबा,” मुलगा म्हणाला, “ते पत्र. ‘मला इथे भीती वाटते’ हे वाक्य तुम्ही काढलं होतंत.”

“ते तीनदा आलं होतं. एकदा ठेवायला हवं होतं, ते मान्य. चुकून तिन्ही—”

“तीनदा आलं होतं. हो.” तो खाली बघत होता. “माझी भीती वाटत होती तिला, बाबा. मी ताटं भिंतीवर फेकत होतो. तुम्ही पलीकडच्या खोलीत प्रुफं वाचत होतात.”

मी म्हणालो की मला आवाज आला नाही.

बायको म्हणाली, “यायचा. तुम्ही दार लोटून घ्यायचात.”

९ फेब्रुवारी

कबुली लिहिली. मीच केलेला नियम, मीच केलेली यादी, शेवटचा शब्द ‘नातवंडे’. शंभर शब्दांची मर्यादाही मीच घातली होती. एकवीस शब्दांत झालं.

अध्यक्षांना फोन केला. म्हणालो, “माझे गुण काढा. शेराही काढा.”

“गुण काढतो. पण ते दोन दारांचं वाक्य, अहो, काय वाक्य आहे! ते राहू द्या.”

“नियमात शेराही रद्द आहे.”

“तुमचं नाव काढतो ना. वाक्य आता सगळ्यांचं झालं.”

पस्तीस वर्षांत माझं एक वाक्य कोणाला इतकं आवडलं नव्हतं. आवडलं ते नेमकं हे.

२१ फेब्रुवारी

निकाल. भेटघराला अनुदान मिळालं, दुसऱ्या दाराचा पगार वगळून. पत्रात कारण दिलं आहे, अवतरणचिन्हांत, कोणाचं ते न लिहिता. बालगायनवाल्यांना मागितलं तेवढं मिळालं. तो अश्रूही दोन्हीकडे पास झाला.

नर्सबाईकडे गेलो. ते वाक्य माझं आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, “वाटलंच. बाकीच्यांना एवढं सफाईदार लिहिता येत नसेल.” पगार मिळेपर्यंत मागच्या दाराशी मी बसतो, असं म्हणालो. तिनं विचार केला. मंगळवार आणि गुरुवार बसा म्हणाली. शनिवारी नाही, ज्यांच्या घरचं माणूस भेटीला येतं त्यांना त्या दिवशी दार देत नाहीत. यांचा नियम माझ्याहून जुना निघाला.

छोटीला भेटायचं तर? त्याचा फॉर्म आहे. आईची सही लागते.

२६ फेब्रुवारी

फॉर्म भरला. ‘मुलाशी नातं’ सोपं होतं. ‘भेटण्याचं कारण’ याला तीन ओळी दिल्या आहेत. तीन ओळींत माणसानं काय लिहावं? फॉर्म करणाऱ्यांना अक्कल नसते. तीन पानं जोडली. माझी बाजू पूर्ण आली आहे. पेपरातली नोकरी, पाळ्या, डोक्यात सतत दुसऱ्यांची वाक्यं असणं, दार का लोटत असे. एकही शब्द जास्तीचा नाही.

बायकोनं वाचलं. “पाठवा,” म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, त्याचा अर्थ मला लागला नाही.

२ मार्च, शनिवार

बायको भेटघरातून परत आली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. सही नव्हती. पहिल्या पानाच्या समासात सुनेचं अक्षर:

“लांब झालंय. अर्ध्या पानात बसवा.”

बायको हसायला लागली ती खुर्चीत बसेपर्यंत हसत होती. मग डोळे पुसायला लागली. मुलगा दाराशी उभा होता. तोही हसला, पण त्याला जमलं नाही.

५ मार्च

लाल टोक घेऊन बसलो. पहिलं पान सगळं माझ्या नोकरीबद्दल. काढलं. दुसऱ्या पानात ‘गैरसमज’ हा शब्द पाच वेळा. काढले. ते गेल्यावर पानात काही उरलं नाही. तिसऱ्यात मी स्वतःला ‘स्पष्टवक्ता’ म्हटलं आहे. दुसऱ्या कोणी असं लिहून दिलं असतं तर मी ते पेपरात सगळ्यांना वाचून दाखवलं असतं.

उरलं ते असं:

“तू तीनदा लिहिलं होतंस, मी तीनदा कापलं. ते ऐकायला हवं होतं. छोटीला भेटायचं आहे.”

अर्धं पानसुद्धा भरलं नाही. तीन ओळींत बसलं. पाठवलं.

१२ मार्च, मंगळवार

दाराशी खुर्ची टाकून तिसरी पाळी. एक बाप पंधरा मिनिटं आधीच आला. “आत घ्या ना काका, ऊन आहे.” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “ही पंधरा मिनिटं कोणी काढली हो? फुकट जातात.” मी त्याला माझी खुर्ची दिली.

घरी आल्यावर कळलं, सुनेनं सही केली आहे. वीस मिनिटं, मुलासोबत. तिच्या सहीखाली एक अट आहे: घरातल्या वस्तू आणायच्या नाहीत. म्हणजे पेन्सिली नकोत.

१६ मार्च, शनिवार

मागच्या गल्लीत तिघं उभे होतो. बायको, मुलगा, मी. दाराला आज नर्सबाई स्वतः होती. घड्याळात पाहून म्हणाली, “अजून आठ.” मग, “अजून तीन.” आतून माती थापटल्यासारखा आवाज येत होता. कानांतली बोटं निघाली असावीत.

दार उघडलं. छोटी बाकावर होती, उंच झाली आहे. आधी बापाकडे पाहिलं, मग आजीकडे, मग माझ्याकडे. ओळखलं की नाही ते कळेना. मुलगा जमिनीवर बसला, हलकेच बोलायला लागला. इतकं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

मी बुटक्या टेबलाशी बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. सहा मिनिटं गेली. मग छोटीनं आपला डबा आणला, तो चावलेला तुकडा काढला, एक कागद माझ्यापुढे सरकवला.

“आजोबा, तुम्ही पण लिहा.”

मी तुकडा घेतला. सवयीनं लाल टोक खाली आलं. तिनं माझ्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, उलटी केली आणि परत दिली.

“तुम्ही हे घ्यायचं,” ती म्हणाली. “लाल माझं आहे.”